छताखालची फट मोकळी करण्याबाबत

मी, या घराची मालकीण, निवृत्त शिक्षिका आणि सवयीने वक्ता, हे शेवटचे इच्छापत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकट्या भावाला तरीही शंका येईल. गुरुवारी माझी शस्त्रक्रिया आहे, पाठोपाठ चर्चच्या समितीची बैठक. लिहिता लिहिता उठते, समोरच्या चर्चचे छत खिडकीतून बघते, पुन्हा बसते.

१. चर्च पाडण्याचा ठराव आला आहे. समितीचा अध्यक्ष माझा भाऊ. छताला तडा गेला म्हणून इमारत धोकादायक, असे त्याचे म्हणणे. ज्यांनी हे पातळ, दुमडलेले काँक्रीटचे छत योजले, त्यांनी भिंतीच्या वर फट मुद्दाम सोडली होती, कारण उन्हात छत फुगते. वारा येतो, कबुतरे येतात म्हणून समितीने भक्तिभावाने तिथे सिमेंट भरले. तडा त्यानंतरचा. आधी गळा आवळायचा, आणि दम लागला की शवपेटी मागवायची.

२. चर्च माझे नाही, घर माझे आहे. म्हणून अट घराला घालते. आधी फट मोकळी करावी. गवंडी लावतात तशी काचेची पट्टी तड्यावर आडवी चिकटवावी आणि एक उन्हाळा थांबावे. पट्टी शाबूत राहिली तर तडा थांबला. मग घर विकून छत दुरुस्त करावे. फुटली तर मी चुकले. खुशाल पाडा, घर भावाला द्या. फट न उघडताच पाडले, तर घराची खुंटीसुद्धा त्याला मिळणार नाही. सगळे घर सरकारी शाळेला जाईल.

३. दुरुस्तीनंतर रविवारी प्रार्थना, एरवी वाचनालय आणि गाण्याची तालीम. भाऊ म्हणाला, "ताई, देवाचं घर आहे ते, चावडी नाही."

"आठवडाभर कुलूप असतं त्याला घर नाही, गोदाम म्हणतात," मी म्हटले. तो चहा न घेता गेला.

आत खोटे छत लावू नये. भिंतींना गिलावा नको, रंग तर नकोच. आमचे वडील तिथे शटरिंगचे सुतार होते; त्यांनी साच्याला लावलेल्या फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर उमटल्या आहेत.

४. पुस्तके वाचनालयाला. समासात लेखकांना घातलेल्या शिव्या खोडू नयेत. वडिलांचे रंधे बहिणीच्या मुलीला, कारण ती ते वापरते. तिच्या बापाला काही देऊ नये. त्याने नेलेली इस्त्री अजून आलेली नाही. बँकेतली शिल्लक मला सांभाळणाऱ्या बाईंना.

५. पट्टीवरची देखरेख आणि या इच्छापत्राची अंमलबजावणी भावाकडे राहील. वकील मसुदा वाचून म्हणाले, "बाई, पट्टी फुटली तर घर त्याचं, आणि पट्टी त्याच्याच ताब्यात? टिचकी मारली तरी फुटेल ती."

"फुटेल."

"मग दुसरं कुणी बघा."

"जन्मभर भांडलोय आम्ही. हट्टी आहे तो, लबाड नाही. राहू द्या तसंच."

पट्टी उंचावर असेल. तो बघायला चढेल तेव्हा खाली कुणीतरी शिडी धरावी. त्याचा गुडघा धड नाही, आणि तो सांगणार नाही.

स्थळ: चर्चसमोरचे घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च

(सही) घरमालकीण

आमच्यासमोर वाचून सही केली:
(सही) शेजारचे बेकरीवाले
(सही) डॉक्टरीणबाई