आईच्या खिडकीखालची कुंती

चि. सुमित,

कुंतीचे झुडूप सदाहरित असले, तरी सतत फुलत नाही. पाणी मिळाले की सुवासिक फुलांनी बहरते आणि दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळतात. शिरूरच्या महाविद्यालयात मी हे मोठ्या हौसेने शिकवते. तू मात्र गाडी लावायला आईच्या खिडकीखालची कुंती तोडलीस, आणि आईला दिसत नाही म्हणून महिनाभर तिथे कुंतीच्या वासाचा स्प्रे मारतो आहेस! काल कवठ्याला घरी आले, तेव्हा त्या वासाची मला किळसच आली.

आईला खरे सांगू लागले, तर ती म्हणाली, "ठावं हाय गं. एवढा बहर कवा टिकतो व्हय? पर त्याला बोलू नगंस. फवारायला का हुईना, रोज खिडकीपाशी येतोय."

माझी किळस तसूभरही कमी झालेली नाही. तरीही हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

तुझी,
करुणाताई