कोरडवाडीचा इतिहास, भूगोल आणि लपवलेली माणसं

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

मु. कोरडवाडी, ईटपासून तीन कोस (चालणाऱ्याला चार)
माघ वद्य द्वितीया, फसली १३५२

तीर्थस्वरूप गुंडप्पामामांचे सेवेशी,

शांतलिंगचा साष्टांग शरणार्थ. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत; निदान मी आहे. शरणम्मा ‘बरी आहे’ म्हणते, पण ज्या सुरात म्हणते त्यावरून मला संशय येतो. तुमचा गुडघा, सिद्धम्मामामींचा खोकला आणि दुकानातले उंदीर यांपैकी काय कमी झालं ते कळवावं. तुमचं मागचं पत्र पोचलं. पाकिटाला डिंक दोनदा लावलेला दिसला. (एक तर तुम्हीच काही आठवून ते पुन्हा उघडलंत, नाहीतर वाटेत कुणीतरी आपल्या घरची चौकशी करून घेतली.) ‘कळंबला या आणि कापडाच्या दुकानात बसा’ हे वाक्य त्यात दोन ठिकाणी आहे. एकदाच असतं तर मी माया समजलो असतो. दोनदा आहे म्हणून विचारतो, दुकानातला माणूस सोडून गेला की काय? तुम्ही माझे मामा होतात, आता सासरेही झालात, म्हणून हे मोकळेपणानं विचारायची हिंमत केली.

विनंती विशेष ही, की महिन्यापूर्वी तालुक्याहून एक उर्दू हुकूम आला. माळावरच्या प्रत्येक मास्तरनं आपल्या टापूची तारीख, जुगराफिया आणि बाशिंदे, म्हणजे इतिहास, भूगोल आणि माणसं, असे तीन कागद लिहून पाठवावेत. सरकारला आमच्या इतिहासाची एकाएकी आठवण का झाली, हे मी हुकूम चार वेळा वाचून शोधत होतो. चौथ्या वाचनात खाली बारीक अक्षरात सापडलं: ज्या मदरशाच्या, म्हणजे शाळेच्या, पटावर पंचवीस नावं नाहीत तो शिवरात्रीनंतर ईटला हलवला जाईल. माझ्या पटावर अकरा होती. ईटला मास्तर आहेच, म्हणजे उरतो मी. उरलेल्या मास्तरचं पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो सासऱ्याच्या दुकानात कापड मोजतो. मामा, रागावू नका, पण मला गज हातात धरायचा नाही. मला ही अकरा पोरं आवडतात. त्यातली सात खोटं बोलतात आणि चार बोलतच नाहीत, तरी आवडतात.

भूगोल सोपा वाटला म्हणून तिथून सुरुवात केली. आमचा टापू म्हणजे उघड्या माळावर पाच वाड्या, आणि त्या एकमेकींपासून इतक्या लांब की भांडायचं तरी चालत जावं लागतं. मुरूम, कुसळं, तरवड, मधूनमधून बाभळ. नदी आहे, पण पाणी नाही. का नाही असं विचारलं तर लोक माझ्याकडं असं बघतात, जणू मीच पिऊन बसलोय. या सगळ्याचा नकाशा हवा होता. मोजायला साखळी नाही, म्हणून लोखंडी टोकाची काठी घेतली, पावलं मोजत निघालो, शंभर पावलं झाली की काठी जमिनीवर ठोकायची आणि वाटेत झाड लागलं की कागदावर एक गोल काढायचा. यात गैर काय आहे, तुम्हीच सांगा. मलाही तिसऱ्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

आता पेव म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीत रांजणासारखा खड्डा, आत कडब्याचा थर, त्यात वर्षाची ज्वारी, तोंडावर दगड आणि वर माती. वरून चालणाऱ्याला काही कळत नाही, मात्र ठोकलं तर आवाज पोकळ येतो. यंदा लढाईपायी लेव्ही लागलेली, सरकार घरोघरची ज्वारी उचलणार, आणि अशा वर्षी सरकारी पगार खाणारा एक माणूस हातात काठी घेऊन सगळ्या गावची जमीन ठोकत फिरतोय आणि कागदावर गोल काढतोय! शेजारच्या धुरपदाबाईनं मला तिच्या परसात गाठलं. ‘मास्तर, काठी कशापायी ठोकता ओ? आत कोण हाय?’ मी म्हणालो, भूगोल. ती म्हणाली, ‘त्यो आमच्यात न्हाय,’ आणि दार लावून घेतलं. (पेवांचं मला त्या वेळी खरंच सुचलं नव्हतं. पण दार लावल्यावर मी तिथं पुन्हा एकदा ठोकून पाहिलं, आणि आवाज पोकळ आला, हे तुमच्याजवळ कबूल करतो.)

आठवड्याभरात गावात देव उगवू लागले. आधी बब्रुवान पाटलांच्या गोठ्यात शेंदूर फासलेला एक धोंडा दिसला. मग पिंपळाखाली, मग खळ्याच्या कडेला, मग शाळेच्या मागं. सोमवारपर्यंत अकरा झाले. एवढ्या वर्षांत मी या गावात एक मारुती आणि एक आमचा महादेव पाहिला होता, त्याचंही देऊळ गळकं. जिथं नवा देव तिथं काठी ठोकायची सोय नाही, पाप लागतं म्हणतात. धुरपदाबाईचा देव तर घरात बाजेखाली निघाला. म्हातारी देवावर बाज टाकून झोपते. या भक्तीचा मला संशय आला, पण बाज उचल असं कसं म्हणू?

इतिहासाची तऱ्हा याच्या उलट. पाटलांना विचारलं, तर त्यांनी विडीचा झुरका घेऊन सांगितलं, ‘हितं कधी कायबी झालं न्हाय.’ मी म्हणालो, परांड्याचा किल्ला इतका जवळ, तीनशे वर्षांत एवढ्या फौजा आल्या-गेल्या, एकही इथून गेली नाही? ‘गेली आसंल. आमी रानात व्हतो.’ तीनशे वर्षं! मात्र देव उगवल्यावर इतिहासाला पाझर फुटला. प्रत्येक धोंड्यामागं पराक्रमी पुरुष निघाला, त्याला दृष्टांत झाला, त्यानं सांगितलं की इथं खोदेल त्याचा निर्वंश होईल. अकराही देवांचं खोदण्याविषयी इतकं एकमत पाहून मी थक्क झालो. काय करणार, लिहून काढलं. सरकारला इतिहास हवा होता, अकरा इतिहास मिळाले.

खरी परीक्षा माणसांची. पाच वाड्या हिंडून दारोदार विचारलं तेव्हा सत्त्याऐंशी माणसं भरली. माझा विश्वास बसेना. धुरपदाबाई म्हणाली, घरात मी एकलीच. अंगणात पाच ताटं वाळत होती. विचारलं तर म्हणे, ‘येक घासती तवर दुसऱ्यात खाती.’ दुसऱ्या एका घरात पाळणा हलत होता, आत कोण म्हणून विचारलं तर बाई म्हणाली, भोपळा. मी वाकून बघायला लागलो तशी ती आडवी आली. लोकांना वाटत होतं की डोकी मोजली की गडी लढाईवर नेणार आणि उरलेल्यांवर नवी पट्टी बसणार. पोरांची नावं पटावर घाला म्हटलं की आया पोरांना रानात पिटाळायच्या. म्हणजे इकडं मला पंचवीस नावं हवीत आणि तिकडं गावाला जन्मच झालेला नको! दहा दिवस मी दारोदार फिरलो, आणि बारावं नाव मिळालं नाही. त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. शाळेच्या दाराला कुलूप लावायची वेळ आली तर किल्ली कुणाच्या हातात द्यायची, याचासुद्धा विचार मी करून ठेवला होता. (कुणाच्याच हातात द्यायची नाही असं ठरलं.)

मग मागल्या रविवारी पाटील ईटच्या बाजाराला गेले आणि नवी खबर घेऊन आले. लेव्ही उचलताना सरकार डोईमागं खायला ज्वारी सोडणार, जितकी माणसं जास्त तितकी ज्वारी घरात जास्त. मामा, सोमवारी सकाळी माझ्या दारात जत्रा भरली. ‘मास्तर, आमच्यातली सात लिवायची ऱ्हायली.’ ‘मास्तर, माझ्या सासूला तुमी इसरलाच.’ एकट्या धुरपदाबाईच्या घरात चौदा माणसं निघाली. पाळण्यातला भोपळा मुलगा झाला आणि त्याचं नाव महारुद्र निघालं. सत्त्याऐंशीची दोनशे चौदा झाली. पोरं खरी आहेत याला पुरावा पाहिजे म्हणून प्रत्येकानं ती पटावरही घातली. एका सकाळी बत्तीस नावं, त्यात एकोणीस मुली! महानंदा, मथुरा, आणखी कोण कोण. मुली शाळेत घालणारं गाव मी या माळावर पाहिलेलं नाही. त्यातली एकही मुलगी माझ्या शाळेत डोकावली नाही. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलेल असं मानायला मी काही खुळा नाही. पण पटावर त्रेचाळीस होत होती आणि शाळा वाचत होती. मी डोळे मिटून सगळी लिहिली आणि तिन्ही कागद पाठवून दिले.

उत्तर चार दिवसांत आलं. एवढ्या लवकर सरकार उत्तर देतं तेव्हा काहीतरी काळंबेरं असतंच. साहेबांना म्हणे कोरडवाडीचं फार कौतुक वाटलं, विशेषतः अकरा देवस्थानांचं आणि एकोणीस मुलींचं. शिवरात्र झाली की आठव्या दिवशी तपासनीस स्वतः येणार, पट वाचणार, आणि ज्या नावाला कुणी ‘हजर’ म्हणणार नाही त्या प्रत्येक नावाचा जाब मास्तरला द्यावा लागणार. शाळा तर जाईलच, नोकरी कायमची जाईल. रोज मी पट उघडून बसतो. नावं त्रेचाळीस आणि समोर तीच अकरा, त्यातली सात खोटं बोलणारी. गावाला विचारलं तर सगळे म्हणतात, ‘येतील की, कुठं जात्यात!’ पाटील हसून सांगतात. हसून सांगितलेल्या गोष्टीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

असो. तुमचा गुडघा तेलानं चोळत जावा. हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं, आणि फाडलं असं मला लिहून कळवू नये, कारण तेही कुणीतरी वाचेल. मामींना शरणार्थ.

तुमचा (अजून तरी मास्तर)
शांतलिंग

ता. क. लिहायचं मुख्य राहिलं. तपासनीस येईल त्या दिवशी तुम्ही तीन बैलगाड्या जुंपून या. वाटेत एक मुक्काम करावा लागेल. तुमची नातवंडं, शेजारच्या महांतप्पाच्या घरची, गल्लीतली, अशी मिळून बत्तीस पोरं आणा, त्यात एकोणीस मुली मोजून. नावांची यादी सोबत जोडली आहे. वाटेत घोकून घ्यावी. कुणी नाव विचारलं तर कळंबचं नाव तोंडातून निघता कामा नये. महारुद्र पाळण्यातला आहे, तो पटावर नाही; त्याच्यासाठी पोर आणू नये.

आणखी ता. क. एवढ्या गाड्या कशाला, असं कुणी विचारलं तर सांगावं की लेकीला बाळंतपणाला न्यायला चाललोय. यात खोटं काही नाही. शरणम्माला पाचवा महिना आहे. ही बातमी आधी लिहायला हवी होती, पण मी खात्री करून घेत होतो. सुईण सांगते, पण तीही कोरडवाडीचीच.

अप्पा, शरणम्माचा शरणार्थ. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. पोरं आणू नका. एकही आणू नका. एका महानंदाला दोघी उठून उभ्या राहिल्या तर खरीचीही खोटी होईल. पटावरची बत्तीसच्या बत्तीस नावं खरी आहेत. गावाची पहिली मोजणी खोटी होती आणि दुसरी खरी. यांनी पहिल्या वेळी संशय घेतला तो बरोबर होता, तोच पुढं चालू राहिला एवढंच. तेरा मुलगे खळ्यावर आहेत, शिवरात्रीपर्यंत ज्वारी घरात आली की येतील. एकोणीस मुली रोज दुपारी, हे शाळेत असतात तेव्हा, आपल्या ओसरीवर येतात. पहिल्या दिवशी धुरपदाबाईनंच नात आणून बसवली आणि म्हणाली, ‘मास्तर लई इचारतो, तू शिकीव.’ दुकानात बसवून तुम्ही मला जेवढं शिकवलंत तेवढंच मी त्यांना शिकवते. सगळ्यांना स्वतःचं नाव लिहिता येतं. मी यांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा म्हणाले, ‘तुला हे सांगायला कुणी पाठवलं?’ म्हणून आता सांगत नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी नक्की या, एकच गाडी घेऊन. तपासनीस एकेक नाव वाचेल आणि एकेक मुलगी उठून ‘हजर’ म्हणेल, तेव्हा यांच्या शेजारी आपलं कुणीतरी उभं हवं. मला जमणार नाही. मी रडत असेन.