चांदणीला कोट्स लागतात

३ नोव्हेंबर
निर्णय पक्का. नोएडातली मराठी माणसं फार विखुरली आहेत. कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा. रविवारी, १६ तारखेला, माझ्याकडे मिसळ. मला स्वतःला एकटं राहायला आवडतं, तो भाग वेगळा.
आई फोनवर म्हणाली, "अरे, चारपाच जणांना फोन कर ना सरळ." आईला सिस्टीम कळत नाही. मी शेल स्क्रिप्ट लिहिणार, म्हणजे आज्ञांची एक यादी, जी 'शेल' नावाचा प्रोग्राम वाचून मेल पाठवत जातो. ऑफिसातल्या आणि महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना मेल, प्रत्येकाला नावानिशी.

५ नोव्हेंबर
शेजारच्या डेस्कवरच्या अंशुमनला स्क्रिप्ट दाखवली. म्हणाला, "यार परीक्षित, डबल कोट्स लाव. नाहीतर शेल मजकुराचे तुकडे करतं." कोट्स, म्हणजे अवतरणचिन्हं, शिकाऊंसाठी असतात, मी म्हटलं. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळतोय! तो "अच्छा" म्हणून लंचला गेला. बाकीचेही गेले. मी कामामुळे थांबलो. तसं कोणी विचारलंही नव्हतं.

८ नोव्हेंबर
पहिली चाचणी मंडळाच्या सेक्रेटरी हेमलता काकूंवर. नावात स्पेस, त्यामुळे शेलने 'हेमलता' आणि 'काकू' अशी दोन माणसं धरली. त्यांना मेल गेला, "प्रिय हेमलता". वय सत्तर! उत्तर आलं: "हे गेल्यापासून नुसतं हेमलता कोणी म्हटलं नव्हतं. नक्की येते."
म्हणजे स्क्रिप्ट चालते.

१० नोव्हेंबर
तरी कोट्स लावले. सिंगल. जास्त सुटसुटीत दिसतात. सगळ्यांना मेल सोडला.
सिंगल कोट्सच्या आत शेल काहीच बदलत नाही, $naav च्या जागी खरं नावही घालत नाही, हे मला माहीत होतंच. लक्षात नव्हतं एवढंच. सगळ्यांना गेलं: "प्रिय $naav".
अंशुमन दिवसभर मला "डॉलर-नाव" म्हणत होता. इतका वेळ तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

११ नोव्हेंबर
वैतागून सगळे कोट्स काढले. सुधारित मेल गेला. मेन्यूत पदार्थाच्या आधी मी चांदणी (*) टाकली होती. कोट्स नसतील तर चांदणीचा अर्थ शेलच्या लेखी 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली'. 'मिसळ' या शब्दाच्या आधी सर्वांनी वाचलं: एकट्यासाठी_भाज्या.pdf, गप्पांचे_विषय.txt, गप्पांचे_विषय_नवे.txt, मित्र_कसे_जोडावेत.txt.
फाइलींना नावं देताना माणसाने व्यावसायिक असावं. यापुढे देणार.

१२ नोव्हेंबर
सगळ्यांचे होकार. एकजात सगळ्यांचे. शेवटी मेन्यू बोलतो.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
सगळे आले. बाहेर धुरकं इतकं की समोरचा टॉवर दिसेना, तरी आले. दारात प्रत्येकाने माझा हात जरा जास्तच वेळ धरला. मी कटासाठी आत गेलो आणि आतच राहिलो. कट सारखा ढवळावा लागतो. बाहेर हशा चालला होता. हेमलता काकू आत येऊन म्हणाल्या, "परीक्षित, बाहेर बस ना जरा." मी म्हटलं, आलोच. मग पाव भाजत राहिलो.
चारला सगळे गेले. छान झालं, म्हणाले. भांडी खूप पडली होती.

२३ नोव्हेंबर
सोमवारी कळलं, जाताना लिफ्टमध्येच त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप केला. आज सगळे अंशुमनकडे पोहे खायला जमले आहेत. माझा नंबर कोणाकडे नाही; मी सगळं मेलवर केलं होतं. अंशुमनचं ऑफिसात मला सांगायचं राहून गेलं असणार. बोलावणं मेलवर येईल.
दोन वाजेपर्यंत आलं नाही. मेलचा सर्व्हर तपासला. चालू आहे. खात्रीसाठी स्वतःलाच एक मेल पाठवला.
लगेच आला.