हॉटेलातली तुमची घोंगडी

आबा, तुमची घोंगडी सध्या सांगलीत एका हॉटेलात आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, तरी मी प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ तपासूनच पुढं जातो आहे. चूक दिसली की ओळ खोडून पुन्हा लिहितो. शाळा अर्धवट सुटली, ही सवय सुटली नाही.

विश्रामबागेच्या बाजूला एका शेठनी हॉटेल बांधलं आणि देखरेखीला मला ठेवलं. आतली सजावट मुंबईला शिकून आलेल्या एका चित्रकार साहेबांकडे. लढाईमुळे विलायतेहून गालिचे आणि झुंबरं येईनात, म्हणून शेठ त्यांचं ऐकायला तयार झाले. साहेबांचं म्हणणं, उतारूला आत शिरताच कळलं पाहिजे की आपण कृष्णाकाठी आलो. भिंतींना नदीच्या गाळाचा रंग दिला. खिडक्यांना बांबूच्या कामट्यांचे पडदे लावले. बुरुडाकडून विरळ विणीच्या टोपल्या करून घेऊन दिव्यांवर उपड्या टांगल्या. शेठ वर बघून मला म्हणाले, "दिव्याला कोंबडीचं डालगं घातलंस व्हय रं?" पण संध्याकाळी दिवे लागले, टोपल्यांच्या जाळीतून भिंतीभर झाडाच्या पानांसारखी सावली हलायला लागली, आणि शेठनी खुर्ची ओढून तिथंच बसकण मारली. मला सगळंच आवडत होतं, फक्त दिवाणखान्याची जमीन सोडून. साहेबांनी सजावटीचं जे चित्र काढलं होतं, त्यात तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळ्या घोंगड्या होत्या. "नांगरून ठेवलेलं रान वाटलं पाहिजे," ते म्हणाले, "आणि माणसं त्यातून चालत येतील." मी मान डोलावली. तेव्हापासून मला धड जेवण गेलं नाही.

कारण मला कराडजवळचं ते रान आठवत होतं. संगमाच्या अलीकडं एका बागायतदाराच्या शेतात खतासाठी आपली मेंढरं बसवली आहेत. तुम्ही घोंगडी अंथरून भाकरी सोडता आहात आणि मी कोकराच्या मागं पळत वहाणांसकट तिच्यावरून जातो. तुम्ही मारत नाही. भाकरी बाजूला ठेवता, घोंगडी उचलून झटकता, कपाळाला लावून घडी करता. "पावसात हिला डोस्क्यावर घेतूस, आन् उघडीप झाली की वहाणंखाली? देव बी हिच्यावरच बसवतो न्हवं आपण?" मग ढेकळांत बसून जेवता, मलाही बसवता. संध्याकाळपर्यंत घोंगडी तुमच्या खांद्यावरच राहिली. पुढं मला शाळेत घातलं तेव्हा तीच घोंगडी माझ्या खांद्यावर टाकलीत. मी म्हणालो, "आन् तुमास्नी?" तुम्ही म्हणालात, "मला मेंढरांची ऊब हाय."

नव्या घोंगड्या आप्पांनीच आणल्या. तुमचे धाकटे भाऊ अजून पूर्वेकडच्या माळावर मेंढरं राखतात. त्यांनी घोंगड्या उतरवल्या, नव्या विणीला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास दिवाणखान्यात भरला. "बसाय-उठाय घेतल्यात म्हनं शेठनी. उद्या मी बी येतो बगाया. आपली लोकर हाय, कुठं बसली ते बगू तरी." मी हो म्हणालो. बसायला नव्हे, चालायला घेतल्यात, हे मी लपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलाच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. सकाळी मी घोंगड्या कडेला कड लावून अंथरल्या. एक घोंगडी कमी पडली आणि खिडकीजवळचा कोपरा उघडा राहिला. चित्रात तो काळा होता आणि चित्राप्रमाणे झालं नाही तर माझी नोकरी जाईल असं शेठनी बजावलं होतं. मी माझ्या ट्रंकेतून तुमची घोंगडी काढली आणि तिथं टाकली. तेवढ्यात साहेब दिव्यावरची टोपली सरळ करायला आले आणि बुटांसकट तिच्यावर उभे राहिले.

"साहेब, जरा बाजूला होता का?"

ते झाले. मी तुमची घोंगडी गुंडाळली, आणि हात थांबेनात, मग शेजारची, मग तिच्याही पलीकडची. "अहो, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. "पाहुणे बूट काढणार नाहीत," मी म्हणालो. "अर्थात नाहीत. मग?" "मग या खाली नकोत." "शेठना काय सांगणार?" मी मागच्या दाराकडं निघालो. गवंड्यांच्या फळ्या मागच्या अंगणात होत्या, उरलेले घडीव दगडही. भिंतीच्या कडेनं दगडांवर फळ्या टाकून मी बाकं केली. घाम डोळ्यांत जात होता. शेवटी तुमची घोंगडी दुहेरी घडी करून खिडकीजवळच्या फळीवर पसरतोय तोच दारात मोटार वाजली.

शेठ मामलेदारांना घेऊन आत आले आणि मोकळ्या फरशीकडं बघत राहिले. "रान कुठं गेलं रं?"

"शेठ, ह्या बसायच्या आहेत. चालायच्या नाहीत."

पाहुण्यांसमोर ते ओरडले नाहीत. "पाव्हणं गेल्यावर बघतो तुझ्याकडं," एवढंच कानाशी म्हणाले. मी पाहुण्यांना बाकांकडं हात केला. पाहुणे बाकांवर बसले. मागून आप्पा आले, दाराबाहेर वहाणा काढल्या आणि सरळ मामलेदारांच्या शेजारी मांडी घालून बसले. मामलेदार चुळबुळत होते. धोतर तलम, त्यांना टोचत असणार. "शेठ, तुमचं रान फार टोचतं हो," ते म्हणाले.

"पयल्यांदा टोचती," आप्पा म्हणाले. "मग सोडवत न्हाई."

मामलेदार मोठ्यानं हसले, मग शेठही हसले, आणि माझी नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र शेठनी सगळ्या बाकांवर पांढऱ्या चादरी घालायला लावल्या. साहेब आपलं चित्र गुंडाळून घेऊन गेले. आता कुणालाच रान दिसत नाही, घोंगडीही नाही. घोंगड्यांवर बूट पडत नाहीत, हे मात्र खरं.

हे पत्र मी चादरीखाली तुमच्या घोंगडीच्याच घडीत ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू? खिडकीजवळच्या बाकावर कुणी बसायला लागलं की मी लगबगीनं पुढं होतो आणि म्हणतो, तिथं नको, फळी हलते. आबा, ती फळी हलत नाही.