अंगभर

आप्पा, ताडकळसच्या बाजारात तुम्ही लुगडी विकायचात, पण तोंडून कधी आकडा काढला नाहीत. बायका विचारायच्या, "नऊ वार भरतं का?" तुम्ही म्हणायचात, "अंगभर हाय, मावशी." घडी उलगडू द्यायचा नाहीत, घडी मोडली की माल जुना होतो, असं कारण सांगायचात. लुगडं आठ वारांचं असायचं. घरी जेवताना मला सांगायचात, आकडा मोजता येतो, म्हणून तो बोलायचा नाही.

एका बाजाराच्या दिवशी मेंढ्यांमागे चालणारी, तुमच्याहून वीतभर उंच अशी एक बाई लुगडं परत घेऊन आली. ती अजून माझ्यासमोर उभी आहे. सगळ्यांदेखत सांगते, "मालक, ह्ये नेसून वाकता यीना. पोटऱ्या उघड्या पडायल्यात. सून दात काढायलीय."

"कापड आखूड न्हाई, मावशी. तुमीच लय लांब हाव. थोडी उंची घरी ठिऊन येत जावा."

माणसं हसतात. ती हलत नाही. "अंगभर म्हनलाव की."

"म्हनलो. कोनाचं अंग, ते म्हनलो का?"

ती तिथेच उभी राहून लुगड्याची घडी घालू लागते. तीन वेळा चुकते. घडी पहिल्यासारखी बसली तर तुम्ही परत घ्याल, असं तिला वाटत असावं. तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात आणि जाता जाता मला म्हणालात, "तोंड पाडून काय बसलीस? हस की." मी हसले. तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं, त्यामुळे माझंच तेवढं ऐकू गेलं. तिने तुमच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग लुगडं काखेत घेऊन गेली.

तुम्ही गेलात तेव्हा बाजारातलं कुणी स्मशानात आलं नाही. मला ते योग्य वाटलं.

आता परभणीतल्या एका कपड्याच्या दुकानासाठी मी फोनवरच्या जाहिराती लिहिते. मराठीत एम.ए. केलं, त्याचा एवढा उपयोग झाला. कुर्त्याच्या फोटोखाली छाती, कंबर, उंची यांतलं काही देत नाही. 'फ्री साइज, सगळ्यांना शोभेल' असं लिहिते. परवा पूर्णेहून एका बाईंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "ताई, फ्री साइज म्हनलं तुमी. दंडातच आडकलाय बगा. उद्या लेकीचा साखरपुडा हाय. बदलून देता का?" मागे कुणीतरी हसत होतं.

मी लिहिलं, फ्री साइज म्हणजे सर्वसाधारण बांध्यासाठी. वापरलेला माल बदलून मिळत नाही.

त्यांचं लगेच उत्तर आलं, "मग मी काय मानूस न्हाई का?"

मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. साखरपुड्याला त्यांनी काय घातलं, मला माहीत नाही. जाहिरात अजून तशीच आहे.

तुम्हाला दोन शब्द सुनावावेत म्हणून लिहायला बसले होते. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते: जाहिरात लिहिण्याआधी तो कुर्ता मी दुकानात घालून पाहिला होता. मलाही बसला नव्हता.