अजून तिसऱ्याच वर्षात

४ मार्च

जिन्यात चपला काढता काढता लेकीने विचारलं, "आई, तू आमच्या इथे नक्की किती शिकलीस गं?" जसं काही मेथीचा भाव विचारावा!

शाळेला पन्नास वर्षं होतायत. शाळा म्हणजे विद्यापीठाचं वास्तुकलेचं कॉलेज, पण ते काढणाऱ्या आमच्या बाईंमुळे सगळे शाळाच म्हणतात. लेकही आता तिथेच, दुसऱ्या वर्षाला. जुन्यांनी येऊन पहिल्या वर्षाच्या मुलांना शाळेची गोष्ट सांगायची असं ठरलंय.

"बाकीचे मोठमोठे आर्किटेक्ट आणतायत. मी म्हटलं, माझी आईच आहे." मग घाईघाईने — "नको असेल तर राहू दे हं."

अडीच वर्षं, म्हटलं. तिसऱ्या वर्षात सोडली.

नको कशाला असेल!

५ मार्च

काय सांगू? आठवायला बसले तर सगळं एकदम दारात येऊन उभं राहतं.

विद्यापीठाने बाईंना शाळा काढायची परवानगी दिली, इमारत दिली नाही. मिळालं ते बंद पडलेलं सुताचं गोदाम. खिडकी नावाला नाही. बाई पहिल्या तुकडीला म्हणाल्या, "घरं बांधायला आलात ना? मग करा सुरुवात." पोरांनी भिंती फोडून खिडक्या काढल्या. म्हणूनच त्या अजून एका रेषेत नाहीत! तेव्हापासून प्रत्येक तुकडीने काहीतरी नीट करून जायचं, आणि त्यावर नाव लिहायचं नाही. आम्ही गच्चीची गळती काढली.

पहिला महिना बाई पेन्सिल हातात द्यायच्या नाहीत. अनोळखी घरात जाऊन नुसतं बसायचं. म्हातारा कुठे टेकतो, पोरं दप्तर कुठे भिरकावतात, घरातली बाई दिवसात क्षणभर तरी कुठे बसते. "माणूस दिसल्याशिवाय भिंत काढायची नाही." अजून कानात आहे तो आवाज. जरा घोगरा, आणि कायम घाईतला.

किती दिवसांनी हे कुणाला सांगायचंय! हे पानही आज जास्तच ऐकून घेतंय.

८ मार्च

लेक पहाटे तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. घरी येते ती गात येते. शाळेची बॅग खांद्याला लावली की मात्र गप्प. सबमिशनचा ताण, दुसरं काय. आम्हीही असेच सुतकी चेहरे करून फिरायचो.

१२ मार्च

गेले. बोलले!

जिना चढताना गुडघ्यांनी तक्रार केली नाही, छातीनेच केली. टेबलांवर आता कॉम्प्युटर आहेत. पण उजेड तोच, वाकड्या खिडक्यांतून येणारा. खांबाजवळच्या माझ्या जागेवर एक मुलगी डोकं टेकून गाढ झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही.

गोष्ट सांगितली. मुलं ऐकत होती. मग एकीने हात वर केला — "मग तुम्ही काय काय बांधलंत?"

ओटे, म्हटलं.

हशा झाला. कुणी वाईट हसलं नाही, तरी कान तापले. मग म्हटलं, बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी थोरली, मी फर्निचरच्या शोरूममध्ये लागले. वर्षभरासाठी म्हणून. तेव्हापासून लोकांची स्वयंपाकघरं काढतेय. पण आधी विचारते, घरात डावखुरं कोण आहे? पहाटे आधी कोण उठतं? एका घरात आजींना उभं राहवत नव्हतं, तर ओट्याला एक बुटकी बाजू काढली. मालक म्हणाले, असलं कॅटलॉगमध्ये नाही. म्हटलं, आजीही कॅटलॉगमध्ये नाहीत.

मग प्रश्नांना ऊत आला. लेक मागे दाराशी उभी होती. बघत होती. माझ्याकडे की बाहेर, कळलं नाही.

खाली चिमणीने गाठलं. तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण, आमची चिमणी — हल्ली विभागप्रमुख आहे! म्हणाली, "तू सोडलीस असं कोण म्हणतं? बाईंचा नियम अजून आहे. घरच्या अडचणीने गेलेल्याची जागा जात नाही. तू अजून तिसऱ्याच वर्षात आहेस, बावळट. जूनमध्ये ये."

घरापर्यंत चालत आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

१३ मार्च

ह्यांना सांगितलं. "जा की! डबा मी करीन. दोघींच्या पालकसभेला एकटाच येईन."

लेकीचा घास हातातच राहिला. "म्हणजे... आपण एकाच वर्गात?" तिचंही जूनपासून तिसरं वर्ष.

मागे बसेन, म्हटलं. ओळखही दाखवणार नाही.

हसली नाही. ताट उचलून आत गेली.

१४ मार्च

नाहीच जाणार.

ती जागा आता तिची आहे. आईने येऊन शेजारी बसावं, हे कुठल्या मुलीला आवडेल? मला तरी आवडलं असतं का?

१९ मार्च

आज शोरूममध्ये कारण नसताना एका गिऱ्हाइकासाठी अख्खं घर काढलं. त्यांना फक्त कपाट हवं होतं. मग फाडून टाकलं.

खांबाजवळची ती झोपलेली मुलगी सारखी डोळ्यांसमोर येते. उठवायला हवी होती.

२४ मार्च

चिमणीला नाही म्हणून कळवलं, हे लेकीच्या कानावर गेलं. तरातरा स्वयंपाकघरात आली.

"का नाही म्हणालीस?"

तुझ्यासाठी.

"माझ्यासाठी नको! आई, तू जा. खरंच जा." माझे दोन्ही खांदे धरले होते तिने. लहानपणी जत्रेत हरवून सापडली होती, तेव्हा असंच घट्ट धरलं होतं.

केवढ्या मोठ्या मनाची झाली पोर! मी मेली उगाच काहीबाही धरून बसले होते.

२ एप्रिल

नाव घातलं. सही करताना वळण बिघडलं.

१० मे

मालकांनी अर्ध्या दिवसाचं काम कबूल केलं. "शिकून आलात की आमचे ओटे विसराल." विसरणार नाही, म्हटलं.

लेक सारखी विचारते, "नक्की जाणार ना? मागे नाही ना फिरणार?" इतकी काळजी! हल्ली तलावावरून उशिरा येते.

२ जून

उद्या शाळा.

सकाळी लेक ओल्या केसांनीच समोर येऊन बसली. चहाला हात लावला नाही. म्हणाली, "आई, आता तू जातेयस ना? मग मी नाही गेले तर चालेल?"

चालेल, म्हटलं. मग विचारलं, कधीपासून नकोसं वाटतंय?

"पहिल्या दिवसापासून. पण तू इतकी खूश होतीस गं."