बुधवारच्या चादरींचे अंतर्गत परीक्षण

३ जून, सोमवार
आजपासून धाकट्या भावाच्या लॉन्ड्रीत 'अंतर्गत परीक्षण प्रमुख'. पद मीच निर्माण केले, नावही मीच दिले. धाकटा फक्त 'बरं' म्हणाला. मागील कार्यालयाने मला परस्परसंमतीने मुक्त केले, त्यानंतर प्रथमच पॅन्टला इस्त्री. (संमतीतील माझा वाटा अल्प होता.)
धंद्याचे स्वरूप: रुग्णालयाच्या चादरी आणणे, धुणे, इस्त्री करणे, अकरापूर्वी परत पोहोचवणे. इतकी वर्षे हे परीक्षणावाचून चालले याची खंत वाटते.
तीन महिन्यांनी भागीदारी. याबाबत धाकटा 'बघू' म्हणाला. सख्ख्या भावाच्या 'बघू'मध्ये होकार गृहीत असतो.

५ जून, बुधवार
प्रथम सभा, सकाळी नऊ. कर्मचाऱ्यांचा सहभाग हा परीक्षणाचा प्राण. म्हणून झाडून सर्वांना वरच्या खोलीत बोलावले. इस्त्रीच्या मावशींनी विचारले, तोवर खाली मशीन चालू ठेवू का. नकार दिला. यंत्रध्वनी चिंतनास मारक. सव्वा तास बोललो. अखेरीस मते मागवली. कोणीही चकार शब्द काढला नाही. एकमत.
व्हॅनचा ड्रायव्हर सारखा घड्याळाकडे पाहत होता. फारसा बोलत नाही, म्हणून त्याला सगळे मौनी म्हणतात. वेळेचे भान असलेला मनुष्य. समितीत घ्यावा.
रात्री बायकोने विचारले, सभेत काय झालं. म्हटले, सहभाग. तिने विचारले, कोणाचा. व्यवस्थापनशास्त्र घरात समजावणे व्यर्थ.

१२ जून, बुधवार
आज 'पाच का' ही पद्धत शिकवली. चूक आढळली की 'का' विचारावे. उत्तर मिळाले की त्या उत्तरालाही 'का'. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतेच. नियम तीन: व्यक्तीस दोष नाही, विचारणाऱ्यास अभय, उत्तर कोणीही टाळायचे नाही, मालकानेसुद्धा. मावशींनी विचारले, तुम्हालाही विचारायचं का, दादा? बाणेदारपणे म्हणालो, मलाच आधी. येथे टाळ्या अपेक्षित होत्या.

१३ जून
रुग्णालयाच्या मुख्य नर्सचा फोन. सलग दोन बुधवार चादरी उशिरा. रुग्णांना उघड्या गाद्यांवर बसवून ठेवावे लागले. धाकट्याचा चेहरा पडला. मला मात्र गुप्त आनंद. परीक्षणास अखेर विषय मिळाला.

१४ जून
प्रथमदर्शनी संशय मौनीवर. आज व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी बसून गेलो. अकराच्या बऱ्याच आधी पोहोचलो. माझ्या उपस्थितीचा धाक, दुसरे काय. वाटेत त्याला प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगितले. त्याने रेडिओ लावला.

१९ जून, बुधवार
सभेचा विषय: बुधवारचा उशीर. चर्चा इतकी सखोल झाली की साडेअकरा कधी वाजले कळले नाही. निदान मला तरी. चादरी आजही उशिरा गेल्या. समस्या वाटली त्याहून गंभीर आहे. पुढील सभा दुप्पट वेळेची ठेवावी.

२० जून
मुख्य नर्सने निर्वाणीचे कळवले: आणखी एक उशीर, की काम दुसऱ्या लॉन्ड्रीला. निम्म्याहून अधिक धंदा त्या एका रुग्णालयाचा. ते गेले तर धाकट्याला टाळे लावावे लागेल.
संध्याकाळी तो घरी आला. पाणीही घेतले नाही. म्हणाला, दादा, येत्या बुधवारी राहू दे ना. मी म्हणालो, अशा घडीला मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही. तो माझ्याकडे न पाहता माझ्या बायकोकडे पाहत राहिला. तिने मान खाली घातली. दोघांवरही ताण जाणवतो. सुदैवाने मी आहे.

२६ जून, बुधवार
धाकटाही सभेस बसला. मावशी उठून म्हणाल्या, आज 'पाच का' आम्ही करतो. ऊर भरून आला.
चादरी उशिरा का? गाडी उशिरा सुटते. का? इस्त्री होत नाही. का? सगळे इथं वर बसलेले असतात. चौथा 'का' मावशींनी थेट मला विचारला: आम्ही इथं का बसतो, दादा? म्हणालो, परीक्षणासाठी.
पाचवा कोणी विचारीना. मग मौनीने तोंड उघडले. परीक्षण का?
उत्तर मालकाने द्यायचे होते. धाकट्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाला, दादा, नियम तुझा आहे, म्हणून सांगतो. वहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, भाऊजी, ह्यांना काहीतरी काम द्या, कसलंही द्या, घरात बसून भिंतीशी बोलायला लागलेत.
कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
सर्व खाली गेले. धाकट्याने स्वतः बाह्या सरसावून इस्त्री हाती घेतली. चादरी कशाबशा वेळेत पोहोचल्या. विश्लेषणास दहा मिनिटे लागली. मी पाच तास राखून ठेवले होते.

२७ जून
बायकोला विचारले. भांडी विसळता विसळता म्हणाली, हे चार आठवडे रोज दाढी करत होतात. तेवढंच पुरे होतं मला.
आज दाढी केली नाही.

३ जुलै, बुधवार
सभा रद्द झाल्या. पद त्यांच्यासोबत गेले. तथापि सुधारणा झाली की नाही हे परीक्षकाने प्रत्यक्ष पाहावे, असा दंडक मीच घातला होता. गेलो. वरच्या खोलीत चादरींचे ढीग. गाडी वेळेआधी सुटली. मौनीने हात केला. शेरा: सुधारणा परिणामकारक. परीक्षण यशस्वी.
निघताना मावशी म्हणाल्या, दादा, आलाच आहात तर हे दुसरं टोक धरा. धरले. दोघांनी मिळून एका चादरीची घडी घातली. त्या म्हणाल्या, छान.
दारातून वळून पाहिले. त्या ती घडी मोडून पुन्हा घालत होत्या.